टोयोटा पिकअपला पुढचा सॉलिड ॲक्सल: कटर हातात घेण्याआधी

अमेरिकेत १९८५ पर्यंतच्या फोर बाय फोर टोयोटा पिकअपला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा ॲक्सल) आणि पाट्यांच्या स्प्रिंग होत्या. १९८६ पासून टॉर्शन बारवरचं (पीळ घेणाऱ्या स्प्रिंग-दांड्यांवरचं) स्वतंत्र सस्पेन्शन आलं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं. १९८६ ते १९९५ ची गाडी पुन्हा सॉलिड ॲक्सलवर न्यायची असेल, तर ॲक्सल शोधण्याआधी गाडीखाली शिरा आणि ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) पुढचा शाफ्ट कुठून निघतो ते पाहा. तो उजवीकडून निघतो, म्हणून ॲक्सलचं डिफरन्शियलही (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना देणारा गिअरचा गोळा) उजवीकडेच हवं. फोर्ड एफ-१५० चा डाना ४४ हा ॲक्सल कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. त्याचं डिफरन्शियल डावीकडे असतं आणि त्याच्यापायी ट्रान्सफर केस बदलावी लागते. सत्तरच्या दशकातल्या शेव्रोलेचा डाना ४४ उजव्या बाजूचा आहे, चाकाच्या सहा बोल्टचा नमुनाही टोयोटाशी जुळतो. पण तो बराच रुंद असल्याने मागचा ॲक्सलही बदलण्याची वेळ येते. ३३ ते ३५ इंची टायरसाठी १९७९ ते १९८५ च्या टोयोटाचाच ॲक्सल घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. तो तुमच्या मागच्या ॲक्सलपेक्षा सुमारे तीन इंच अरुंद भरतो; दोन्ही बाजूंना चाकामागे दीड-दीड इंचाचे चांगले स्पेसर (जाड चकत्या) लावले की चाकं एका रेषेत येतात.

भंगारात ॲक्सल बघताना नकलमागचा (नकल म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा, चाकासकट वळणारा भाग) गोळा पुसून हात फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवं सीलही टिकणार नाही. नकलमधून पातळ, काळं ग्रीस गळत असेल तर आतलं ऑइल सील गेलं आहे आणि गिअर ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. नकल हाताने वळवताना सरळ जागेवर अडखळली तर बेअरिंगच्या कपात खाचा पडल्या आहेत. त्या तशाच ठेवल्या तर स्टिअरिंग थरथरतं. दोन्ही रोटरला (ब्रेकच्या तबकड्यांना) कोन मोजायची लेव्हल लावा. दोन बाजूंत ठळक फरक दिसला तर हाउसिंग वाकलेलं आहे, ते घेऊ नका. ॲक्सल कसाही असला तरी बेअरिंग-सीलचा पूर्ण नवा संच घ्याच. उघडताना नकलचे वरचे आणि खालचे शिम (पातळ चकत्या) वेगळ्या पिशव्यांत ठेवा, ते अदलाबदल झाले तर नकल मध्यावरून सरकते. जोडल्यावर नकलच्या स्टिअरिंग आर्मच्या टोकाला स्प्रिंग काटा अडकवून ओढा, वळायला साधारण तीन ते सहा किलो लागले पाहिजेत.

पुढच्या-मागच्या गिअरचं प्रमाण जुळवताना खुणा करून फेरे मोजण्यापेक्षा दात मोजा: ४१ ला १० म्हणजे ४.१०, ३९ ला ८ म्हणजे ४.८८, ३७ ला ७ म्हणजे ५.२९. पुढे-मागे फरक राहिला तर फोर व्हीलमध्ये सगळी ओढाताण ट्रान्सफर केसवर येते.

स्टिअरिंगसाठी जुन्या ॲक्सलच्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स विकत घेऊ नका. त्याचा पिटमन आर्म (बॉक्सला जोडलेला दांडा) पुढे-मागे हलतो. तुमच्या गाडीतल्याचा डावीकडे-उजवीकडे हलतो, आणि आडव्या ड्रॅग लिंकला (पिटमन आर्मपासून नकलपर्यंतच्या दांड्याला) तोच हवा. नकलवर उंच आर्म बसवून ड्रॅग लिंक उजव्या नकलला जोडा आणि ती जमिनीला शक्य तितकी समांतर ठेवा. तिरकी राहिली तर खड्ड्यात गाडी आपसूक वळते. आर्मचे चार-चार स्टड आणि शंकूच्या आकाराचे कोन वॉशर नवे घाला, आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. यात आळस करू नका: ढिला स्टड तुटला की स्टिअरिंगच हातातून जातं.

चासीवरचे जुन्या सस्पेन्शनच्या आर्मचे ब्रॅकेट कापताना चासीत कट जाऊ देऊ नका. ब्रॅकेटचा थोडा भाग सोडून कापा आणि उरलेला ग्राइंडरने घासा. त्यावर ३/१६ इंची पट्टी लावा, पण चासीला उभा छेदणारा वेल्ड टाळा. तिथूनच तडा सुरू होतो. आधी पेट्रोल आणि ब्रेकच्या लाइन बाजूला घ्या, बॅटरी सोडा.

ॲक्सलवर पाटे बसतात ते पॅड आधी नुसते वेल्डचे टाके मारून धरा. इंजिनसकट पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्या, मग कॅस्टर (नकल वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) चार ते सहा अंशांच्या आसपास आहे का मोजा. पिनिअन (डिफरन्शियलमधलं, शाफ्ट जोडायचं टोक) वर उचलला की कॅस्टर घटतो आणि गाडी रस्त्यावर भटकते. बंप स्टॉपपर्यंत दाबून, दोन्ही टोकांपर्यंत वळवून टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) इंजिनच्या तेलाच्या चेंबरला लागतो का पाहा, आणि मगच पक्का वेल्ड करा. प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि ब्रेकच्या नळ्या सर्वांत शेवटी, चाकं पूर्ण लोंबत असताना मोजा.