आलेख सरळ येईना, तेव्हा

बारावीच्या प्रॅक्टिकलला सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग होता. फ्लास्कखालच्या कागदावरची फुली गंधकाच्या गढूळपणात दिसेनाशी होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. १/वेळ (म्हणजे अभिक्रियेचा वेग) आणि संहती (द्रावणातलं थायोसल्फेटचं प्रमाण) यांचा आलेख सरळ रेषेत यायला हवा. माझे ठिपके मात्र कुठल्या कुठे!

चूक पाण्याची होती. थायोसल्फेट ५०, ४०, ३०, २०, १० मिली घेतलं, पण पाणी घालून दर वेळी ५० मिली केलंच नाही. त्यामुळे संहती फारशी बदलली नाही, द्रावणाची खोली मात्र घटत गेली, आणि उथळ द्रावणातून फुली जास्त वेळ दिसत राहते. आकारमान सारखं केलं, आम्ल दर वेळी ५ मिलीच. फ्लास्कला चिकटलेला गंधकही लगेच धुतला (हे फार महत्त्वाचं). ठिपके रेषेवर आले.