न्यू जर्सीत घर घेताय? आधी प्रॉपर्टी टॅक्सचं गणित मांडा

अपार्टमेंट सोडून घर बघायला निघालं की डोक्यात तीन आकडे घोळत असतात: किंमत, डाउन पेमेंट आणि व्याजदर. चौथा आकडा लिस्टिंगच्या (घराच्या जाहिरातीच्या) तळाशी बारीक अक्षरात असतो, आणि कर्ज फिटल्यावरही तो पाठ सोडत नाही. २०२४ साली न्यू जर्सीतलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर गेलं. एडिसन, वेस्ट विंडसर, ब्रिजवॉटर, मार्लबोरो अशा आपल्या मंडळींच्या आवडत्या उपनगरांत चार बेडरूमच्या घराला १२ ते १८ हजारांचं बिल येणं नवलाचं नाही. व्हिसा कुठला, मुलं शाळेत जातात की नाही, याने त्यात काही फरक पडत नाही. बिलातला साधारण अर्धा भाग शाळांना जातो, उरलेला टाउनशिप (गावाचा कारभार) आणि काउंटी (जिल्हा) वाटून घेतात. इथली सरकारी शाळा ‘फुकट’ असते ती अशी.

टॅक्सकडे कर्जाच्या भाषेत बघायची सवय लावून घ्या. वर्षाला १,००० डॉलर टॅक्स म्हणजे महिन्याला ८३ डॉलर. साडेसहा टक्के व्याजाच्या ३० वर्षांच्या कर्जावर तेवढ्याच हप्त्यात सुमारे १३,००० डॉलर मुद्दल बसतं. म्हणजे दोन घरांच्या टॅक्समध्ये ५,००० चा फरक असेल, तर कमी टॅक्सवालं घर जवळजवळ ६५,००० डॉलरने महाग असलं तरी हप्ता सारखाच पडतो. बँकही तुमची ऐपत ठरवताना हप्त्यात टॅक्स आणि विमा धरतेच. फरक एवढाच, की कर्जाचा हप्ता ठरलेला राहतो आणि टॅक्स चढत जातो.

आता सगळ्यांचा गोंधळ होतो ती जागा. टॅक्सचा दर प्रत्येक शंभर डॉलर असेसमेंटमागे सांगतात; असेसमेंट म्हणजे टॅक्ससाठी गावाने धरलेली घराची किंमत. वुडब्रिज किंवा ईस्ट ब्रन्सविकचा दर शंभराला दहा डॉलरच्या वर दिसतो आणि माणूस घाबरून पुढच्या गावात घर शोधायला लागतो. पण तिथे असेसमेंट जुन्या काळचं असतं, बाजारभावाच्या कितीतरी खाली. मॉनमथ काउंटीत बहुतेक गावांत असेसमेंट दरवर्षी अद्ययावत होतं, म्हणून तिथला दर लहान दिसतो. हिशेबापुरती दोन घरं घ्या, दोन्ही ७ लाखांची. एकाचं असेसमेंट १,२०,००० आणि दर ११, बिल १३,२००. दुसऱ्याचं असेसमेंट ६,९०,००० आणि दर १.९, बिल १३,११०. नुसत्या दरांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. वर्षाचं बिल भागिले बाजारभाव, हाच खरा दर. दोन्ही घरांचा तो १.९ टक्क्यांच्या आसपास आहे.

जुन्या असेसमेंटच्या गावात एक प्रश्न जरूर विचारा: शेवटचं रीव्हॅल्युएशन, म्हणजे गावातल्या सगळ्या घरांचं नव्याने मूल्यांकन, कधी झालं, आणि पुढचं ठरलंय का? टाउनशिपच्या टॅक्स असेसरच्या ऑफिसात फोन केला की सांगतात. रीव्हॅल्युएशन झालं म्हणजे सगळ्यांचा टॅक्स वाढतो असं नाही. गावाला गोळा करायची रक्कम तेवढीच असते, तिची वाटणी बदलते. ज्या भागातल्या घरांचे भाव गावाच्या सरासरीपेक्षा जास्त चढलेत, त्यांच्यावर बोजा येतो. मागे पडलेल्या भागाचं बिल उतरतं. नावाजलेल्या शाळेच्या आसपासचं किंवा स्टेशनजवळचं घर घेत असाल तर आपण पहिल्या गटात आहोत असंच धरून चाला. ‘टॅक्स वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही’ हेही ऐकायला मिळेल. ती मर्यादा गावाच्या किंवा शाळेच्या एकूण वसुलीला आहे, त्यालाही काही खर्चांचे अपवाद आहेत, आणि तुमच्या वैयक्तिक बिलाला ती लागू नाही.

घर महाग घेतलं म्हणून न्यू जर्सीत असेसमेंट आपोआप वाढत नाही. केवळ विक्री झाली एवढ्यावरून एकट्या घराचं असेसमेंट वाढवायला इथे मनाई आहे. तरीही लिस्टिंगवरचा टॅक्स तुमचा टॅक्स असेलच असं नाही. तो विकणाऱ्याचा आहे. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला प्रॉपर्टी टॅक्स पूर्ण माफ असतो. असं घर घेतलंत की पूर्ण बिल सुरू. नव्या बांधकामाचा आकडा तर बहुधा फक्त जमिनीवरचा असतो. बँक त्यावरच एस्क्रोचा (टॅक्स आणि विम्यासाठी दरमहा बँकेकडे जमा करायच्या पैशांचा) हप्ता बसवते, घर पूर्ण झाल्यावर ‘ॲडेड असेसमेंट’चं वेगळं बिल येतं, बहुधा ऑक्टोबरमध्ये, आणि त्याची मुदत १ नोव्हेंबर असते. हे बिल बऱ्याचदा थेट तुमच्या नावावर येतं, बँकेकडे जात नाही. नवं घर घेणाऱ्याने बिल्डरचा आकडा बाजूला ठेवावा, त्याच गावातल्या तशाच तयार घराचा खरा दर काढावा आणि तेवढे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे टाकावेत.

बेसमेंटचंही तसंच. फिनिश्ड बेसमेंट, डेक, वाढीव खोली यांची परमिट बंद होते तेव्हा असेसर फेरी मारतो आणि काम संपल्याच्या पुढच्या महिन्यापासून वाढीव असेसमेंट लागतं. परमिटशिवाय केलेलं बेसमेंट घेतलंत तर विकणाऱ्याने वाचवलेला टॅक्स पुढे तुमच्या डोक्यावर येऊ शकतो. ऑफर देण्याआधी टाउनशिपकडून परमिटची नोंद मागवा आणि असेसरच्या प्रॉपर्टी कार्डवर बाथरूम किती लिहिलीत ते प्रत्यक्ष घराशी ताडून बघा. घरात साडेतीन (अर्धं म्हणजे आंघोळीची सोय नसलेलं) आणि कार्डावर अडीच दिसली, तर एक बाथरूम कागदोपत्री अस्तित्वातच नाही.

टॅक्स वर्षातून चारदा भरायचा: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. बहुतेक गावं दहा दिवसांची सवलत देतात. अकराव्या दिवशी भरलंत तर व्याज १ तारखेपासून लागतं: पहिल्या १,५०० डॉलर थकबाकीवर ८ टक्क्यांपर्यंत, त्यावरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत. नवीन दर उन्हाळ्यात ठरतो, म्हणून पहिले दोन हप्ते गेल्या वर्षाच्या हिशेबाने अंदाजी असतात आणि वर्षभराची वाढ शेवटच्या दोन हप्त्यांत येते. टॅक्स १२,००० वरून १२,६०० झाला, तर फेब्रुवारी आणि मे ३,००० चे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर ३,३०० चे. ऑगस्टचं बिल बघून टॅक्स दहा टक्क्यांनी वाढला असं वाटतं. वाढलेला असतो पाच टक्के.

एस्क्रो असेल तर टॅक्स बँक भरते, पण जबाबदारी मालकाचीच राहते. ‘बिल मिळालंच नाही’ ही सबब कायद्याने चालत नाही. मॉर्गेज (गृहकर्ज) एका कंपनीकडून दुसरीकडे विकलं जातं तेव्हा टॅक्सचा हप्ता मध्येच हरवण्याची शक्यता सर्वात जास्त. अशा तिमाहीत देय तारखेनंतर दोन-चार दिवसांनी टाउनशिपच्या वेबसाइटवर पैसे जमा झालेत का ते स्वतः बघा. बँक वर्षातून एकदा एस्क्रोचा आढावा घेते आणि दोन महिन्यांच्या रकमेपर्यंत गंगाजळी ठेवू शकते. टॅक्स वाढला की महिन्याचा हप्ता दोन कारणांनी चढतो: मागची तूट भरायची असते आणि पुढचा वाढीव हिशेबही. तूट एकरकमी भरली तर दुसरा भाग तेवढा राहतो.

दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास पोस्टकार्डासारखी असेसमेंटची नोटीस येते. जाहिरातींच्या गठ्ठ्यात ती हमखास फेकली जाते. फेकू नका, अपिलाची घड्याळं तिथून चालू होतात. काउंटी टॅक्स बोर्डाकडे साधारण १ एप्रिलपर्यंत अर्ज करता येतो; रीव्हॅल्युएशन झालेल्या गावात १ मे, आणि मॉनमथसारख्या काही काउंट्यांत १५ जानेवारी, तिथे नोटीसही आधीच येते. शुल्क असेसमेंटप्रमाणे ५ ते १५० डॉलर.

‘टॅक्स जास्त आहे’ हा अपिलाचा मुद्दाच नाही, आणि शेजाऱ्याचं असेसमेंट कमी आहे हाही पुरावा धरत नाहीत. गेल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला तुमच्या घराची बाजारात किंमत किती होती, एवढंच सिद्ध करायचं. त्या तारखेच्या आसपास विकलेली, तुमच्यासारखीच तीन ते पाच घरं द्या. बँकेने जप्त केलेली किंवा नातेवाइकांत झालेली विक्री चालत नाही. तुम्ही नुकतंच घर घेतलं असेल तर तुमची खरेदीची किंमत हा सगळ्यात जोरदार पुरावा. मग येतं गावाचं प्रमाण, म्हणजे गावातली असेसमेंट सरासरीने बाजारभावाच्या किती टक्के आहेत तो आकडा. समजा ते ८० टक्के आहे. त्याच्या १५ टक्के वर-खाली, म्हणजे ६८ ते ९२ टक्के, हा मान्य पट्टा. असेसमेंट ४,८०,००० आणि बाजारभाव ५,००,००० सिद्ध झाला तर प्रमाण ९६ टक्के, पट्ट्याबाहेर; असेसमेंट ४,००,००० वर येतं. दर २.५ असेल तर वर्षाला २,००० डॉलर वाचले. पण बाजारभाव ५,४०,००० निघाला तर प्रमाण ८९ टक्के, आणि हाती काही लागत नाही. २०२० नंतर भाव इतके वर गेलेत की जुन्या असेसमेंटच्या गावांत बहुतेकांचं अपील टिकत नाही. प्रमाण खालच्या मर्यादेच्याही खाली निघालं तर असेसमेंट वाढण्याचा धोका असतो, म्हणून आकडेमोड घरीच करून मग अर्ज भरा. पुरावे सुनावणीच्या सात दिवस आधी बोर्ड आणि असेसर दोघांनाही पोचले पाहिजेत, आणि त्या वेळी टॅक्सची थकबाकी नको.

सवलतींपैकी ‘अँकर’ योजना कामाची: १ ऑक्टोबरला घर तुमच्या मालकीचं आणि राहतं असेल, तर घरमालकाला वार्षिक उत्पन्न दीड लाखापर्यंत १,५०० डॉलर आणि त्यापुढे अडीच लाखापर्यंत १,००० मिळतात. रक्कम राज्याच्या बजेटवर अवलंबून आहे, दोघंही नोकरी करणारी बरीच जोडपी उत्पन्नाच्या मर्यादेतच बाद होतात. राज्याच्या इन्कम टॅक्समध्ये १५,००० डॉलरपर्यंत प्रॉपर्टी टॅक्सची वजावट आहे. फेडरलमध्ये राज्य आणि स्थानिक टॅक्सची मर्यादा २०१८ पासून १०,००० होती, ती २०२५ साठी ४०,००० झाली. उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की ती घटत जाते आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० वर येणार आहे. नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नवर २०२५ ची स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० आहे. व्याज, स्टेट टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून त्याच्या वर जात असेल तरच वरच्या रकमेचा फायदा.

नोकरी टेक्सासला हलली तर हे नियम तिथे लावू नका. तिथे स्टेट इन्कम टॅक्स नाही, त्याची भरपाई बऱ्याच अंशी घरावरूनच होते. नव्या वसाहतींत पाणी-गटारांसाठी काढलेल्या कर्जाचा ‘मड’ जिल्ह्याचा (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) वेगळा टॅक्सही असतो, तो विचारून घ्या. राहत्या घरासाठी होमस्टेड एक्झेम्प्शनचा अर्ज काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे स्वतः भरा. त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी पत्रं कचऱ्यात टाका. या सवलतीमुळे मूल्यांकनाची वाढ वर्षाला दहा टक्क्यांपुरती रोखली जाते, पण घर विकल्यावर पुढच्या वर्षी हा बांध सुटतो. वीस वर्षं राहिलेल्या मालकाचा टॅक्स पाहून तुमचा अंदाज बांधलात तर पहिल्याच बिलाला फसाल.