पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम: रिपोर्ट हातात आल्यावर

सोनोग्राफीत ‘पोर्सिलेन गॉलब्लॅडर’, म्हणजे भिंतीत कॅल्शियम साचलेलं पित्ताशय, आलं की आधी खात्री करा. खड्यांनी गच्च भरलेलं पित्ताशयही तसंच दिसतं, कारण दोन्हींची सावली मागचं सगळं झाकते. साधा सीटी स्कॅन शंका मिटवतो. सोनोग्राफी पुन्हा करायची तर सहा ते आठ तास उपाशी राहा. सकाळच्या चहानंही पित्ताशय आकसतं.

सीटीत कॅल्शियम अखंड आहे की तुटक, हे आवर्जून विचारा. तुटक असेल तर कर्करोगाचा धोका जास्त, त्यामुळे सर्जन सहसा दुर्बिणीनं पित्ताशय काढायलाच सांगतात. दुखत असेल तरीही तेच. कडक भिंत चिमट्यात नीट धरता येत नाही, म्हणून कधी पोट उघडावं लागतं. संमतीपत्रावर सही करताना हे धरून चला. वय जास्त, हृदय कमजोर आणि त्रास शून्य असेल तर नुसती देखरेखही चालते. गोळ्यांनी मात्र हे कॅल्शियम विरघळत नाही.

ससूनला जा की खासगीत, सीटीच्या फिल्म सोबत न्या. काढलेलं पित्ताशय बायॉप्सीला गेलंच पाहिजे.