अर्ध्या दिवसाची नोकरी आणि अंगावरचं दूध

निघायच्या अगदी आधी बाळाला पाजा, आल्याआल्या पुन्हा जवळ घ्या; मधे एकदा-दोनदा दूध काढलं की बहुधा भागतं. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास बाहेर टिकतं खरं, पण रत्नागिरी-मालवणच्या उकाड्यात हा हिशोब धरूच नका. स्वच्छ, घट्ट झाकणाची स्टीलची डबी बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्मास-पेटीत ठेवा. फ्रिजमध्ये 4 दिवस चालतं, फक्त दाराच्या कप्प्यात नको. वर साय जमलेली बघून सासूबाई “नासलं गो!” म्हणतील, नासलेलं नसतं, डबी हलकेच फिरवा. गॅसवर नको, गरम पाण्यात धरून कोमट करा. पाजायला वाटी-चमचा बरा, बाटली उकळत बसावं लागत नाही. उरलेलं उष्टं दूध मात्र 2 तासांनंतर ओतून द्या, जिवावर आलं तरी.