आधी बिग बॉय, मग रूळ? मॉडेल रेल्वेतल्या या चुका टाळा

नवा माणूस या छंदात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "बिग बॉय कोणतं घेऊ?" बिग बॉय म्हणजे वाफेचं अजस्र इंजिन. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेने 1941 ते 1944 या काळात असली 25 इंजिनं बनवून घेतली आणि त्यातलं 4014 नंबरचं 2019 साली पुन्हा वाफेवर आणलं. तेव्हापासून यूट्यूबवर त्याचा भोंगा ऐकून माणसं थेट ऑर्डर देतात. रूळ कुठे टाकणार, वळण किती इंचांचं, ते नंतर बघू. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रेल्वेंची मॉडेल्स जमवतो, चालवतो. त्यामुळे मंडळातल्या ओळखीतून "जरा येऊन बघता का, गाडी सारखी पडते" असे फोन येतात. गेलं की त्याच त्या पाच-सहा भानगडी. इंजिन बहुतेक वेळा निर्दोष असतं, आणि खापर मात्र त्याच्यावरच फुटतं. खालचे आकडे एचओसाठी, म्हणजे 1:87 मापासाठी आहेत. एन या त्याहून लहान मापात आकडे बदलतात, घाई तीच असते.

डोंगर प्लायवर मावत नाही

पश्चिमेकडच्या रेल्वेची ओढ म्हणजे डोंगर: डॉनर पास, कहोन पास, तेहाचापी. म्हणून प्रत्येकाला लेआउटवर, म्हणजे रुळांच्या मांडणीवर, चढ हवाच, आणि घोडं इथेच पेंड खातं. खऱ्या रेल्वेने किती चढ घेतला ते कुणी बघत नाही. 1862 च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा कमाल चढ हीच मर्यादा ठरवली होती. मैलाला 116 फूट, म्हणजे 2.2 टक्के. एवढ्याशा चढावर मालगाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागत आणि आजही लागतात. आपल्या भोर घाटात 1:37 चा चढ आहे, साधारण 2.7 टक्के, आणि त्यासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायचं जादा इंजिन लावतात. हे माहीत असलेला पुणेकरसुद्धा इथे गॅरेजमध्ये पाच टक्क्यांचा चढ बांधतो.

हिशोब सोपा आहे. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर मध्ये तीन इंच मोकळे हवेत, वर पुलाच्या जाडीचा इंचभर. चार इंच चढायला दोन टक्क्यांनी 200 इंच रूळ लागतो, पावणेसतरा फूट. उतरायलाही तेवढाच. चार बाय आठच्या प्लायवर हे बसत नाही म्हणून लोक चढ चार टक्के करतात. शिवाय वळणावर चाकं घासतात, तो भार वेगळा. 32 ला वळणाच्या इंचांतल्या त्रिज्येने भागा, येईल तेवढे टक्के चढात मिळवा. 18 इंचांच्या वळणावर हे जवळपास 1.8 टक्के होतात.

एका मित्राने गॅरेजमध्ये तेहाचापी लूप बांधलं. खरं लूप 1876 सालचं. सदर्न पॅसिफिकचे इंजिनिअर विल्यम हूड यांनी आखलेलं आणि चिनी मजुरांनी डोंगर फोडून केलेलं. 3,779 फुटांच्या गोलात गाडी 77 फूट चढते, आणि पुरेशी लांब असली तर तिचं इंजिन तिच्याच शेवटच्या डब्यांच्या डोक्यावरून जातं. एचओमध्ये हेच मापात करायचं तर एका गोलाला 43 फूट रूळ आणि 14 फुटांच्या आसपास व्यास लागेल. सॅन दिएगोच्या बाल्बोआ पार्कमधल्या मॉडेल रेल्वे म्युझियममध्ये ला मेसा क्लबने तेहाचापी उभी केली आहे, ती आधी जाऊन बघ, असं मी म्हटलं होतं. साहेबांना दिवाळीच्या पार्टीला गाडी फिरवून दाखवायची होती.

त्याने 18 इंची वळणाचे तयार तुकडे आणले. गोल भरला 113 इंच, त्यात चढायचे चार इंच. म्हणजे साडेतीन टक्के, वळणाचे मिळवून पाचच्या वर. 1:19. कर्जतच्या बँकरनेही हात जोडले असते. त्यावर चढवायला आणलं काय, तर बिग बॉय. खरं तर हे वायोमिंग-युटाकडचं इंजिन, तेहाचापीशी त्याचा संबंध नाही. तिथे सदर्न पॅसिफिकची कॅब-फॉरवर्ड चालायची, बोगद्यांतल्या धुराने ड्रायव्हर गुदमरू नये म्हणून कॅब पुढे घेतलेली. पण तो वाद मी घातला नाही. टेंडर, म्हणजे मागचा इंधन-पाण्याचा डबा, धरून 133 फुटांचं धूड ते, एचओतही दीड फूट भरतं. खोक्यावर किमान 22 इंची वळण असं छापलेलं होतं. 18 इंचीवर त्याचा बॉयलर इतका बाहेर झुकायचा की बोगद्याच्या तोंडाशी रंग खरवडून निघाला होता.

पाच डबे ओढले. बारा जोडल्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग जुगाड सुरू झाले. आधी चाकांना चिकट द्रव लावला. तो रुळावर पसरला, त्यावर धूळ बसली, इंजिन अडखळायला लागलं. म्हणून रूळ पॉलिश पेपरने घासले. मग गॅरेजमधलं गंजावर फवारायचं तेल रुळावर मारलं. आता चढाचं सोडा, सपाटीवरही चाकं घसरू लागली. शेवटी मागे दुसरं इंजिन लावलं. दोन्ही इंजिनांचा वेग जुळवायचे कष्ट कोण घेणार? पुढचं ओढतंय सावकाश, मागचं ढकलतंय जोरात, आणि मध्ये रिकामी, हलकी फ्लॅटकार, म्हणजे सपाट उघडा मालडबा. ती वळणावर आडवी झाली आणि बाहेर फेकली गेली. मागचं इंजिन थांबवेपर्यंत पुढच्याच्या टेंडरसकट चार वाहनं काँक्रीटवर.

मी पोचलो तेव्हा साहेब लेआउटखाली बसून टेंडरची शिडी शोधत होते. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, निदान कार आत लावता येईल असं काहीतरी सुचवा ना यांना."

सुचवलं. लूप मोडायचं. भिंतीच्या कडेने दीड फुटी फळी आणि तिच्यावर सपाट यार्ड. छोटी डिझेल इंजिनं, शंटिंग करायला चार साइडिंगं. बिग बॉय काचेच्या कपाटात, किंवा महिन्यातून एकदा क्लबच्या मोठ्या लेआउटवर. तोंड पाडून का होईना, त्याने केलं.

चढ करायचाच असेल तर माझी पद्धत अशी. दोन टक्क्यांच्या वर जात नाही. सपाटीवरून एकदम चढ सुरू करत नाही, प्लायलाच हळूहळू वाक घेऊ देतो. रूळ कायमचा बसवायच्या आधी संग्रहातला सगळ्यात लांब डबा जोडून गाडी उलटी ढकलत नेतो. पुढे ओढताना लपणारा दोष मागे ढकलताना लगेच बाहेर पडतो. यात एक शनिवार जातो. तो ज्यांना जड वाटतो त्यांनी कपाटात ठेवायची मॉडेल्स घ्यावीत, त्यातही आनंद आहे.

न उघडलेलं खोकं

आता जमवणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांची एक चूक चालवणाऱ्यांच्या सगळ्या चुकांपेक्षा महाग पडते. साठ ते ऐंशीच्या दशकांत जपान आणि कोरियात हाताने जुळवलेली पितळी इंजिनं अमेरिकेत येत. सदर्न पॅसिफिक, सांता फे, रिओ ग्रांडे, हवं ते मिळे. ती स्पंज भरलेल्या खोक्यांत यायची. हा स्पंज वर्षानुवर्षांत पिवळा पडतो, त्याचा भुगा होतो, मग चिकट लगदा. तो रंगाला धरतो आणि निघताना रंग घेऊन निघतो.

ऑफिसमधल्या एकाला एका जुन्या संग्राहकाच्या मुलाकडून कॅब-फॉरवर्ड मिळत होतं. "खोकं कधी उघडलेलंच नाही" हीच त्याची जाहिरात. आमच्या माणसाच्या डोक्यात इन्व्हेस्टमेंट. मी म्हटलं, माझ्यासमोर उघडू दे. उघडलं तर बॉयलरच्या डाव्या अंगाला स्पंजाची जाळी जशीच्या तशी उमटलेली, आणि बोट लावलं की बोट चिकटतंय. तरी त्याने घेतलं, थोडं स्वस्तात, आणि घरी जाऊन थिनरने पुसलं. डाग गेला. रंगही गेला, कॅबवरचे आकडेही गेले.

तुमच्याकडे असं खोकं असेल तर आजच उघडा. मॉडेल बाहेर काढा, जुना स्पंज फेका, पण खोकं फेकू नका, विकताना त्याला किंमत असते. मी मॉडेल आधी पॉलिथिनच्या पातळ कागदात गुंडाळतो, मग नवा पॉलिथिन फोम लावतो. बबल रॅप थेट रंगावर नको, त्याचेही वण उठतात. आणि दुसरं: तीस वर्षं बंद असलेल्या इंजिनाला लगेच करंट देऊ नका. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. आधी मोटर हाताने फिरते का बघा. नसेल तर जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, अल्कोहोल रंगाला लागू देऊ नका. मग प्लास्टिकला चालणारं तेल सुईच्या टोकाने एक थेंब. दुसरा थेंब मोटरमध्ये जातो आणि धूर काढतो.

इन्व्हेस्टमेंटबद्दल एवढंच: उत्तम तपशिलाची प्लास्टिक मॉडेल्स आल्यापासून कित्येक पितळी इंजिनांचे भाव उतरलेत. आवडतं म्हणून घ्या. मुलांच्या कॉलेजची सोय म्हणून घेत असाल तर वहिनींना आधी विचारा.

बाकीच्या, थोडक्यात

हलके डबे. अमेरिकेच्या मॉडेल रेल्वे संघटनेचा, एनएमआरएचा, एचओसाठी सरळ नियम आहे: एक औंस, अधिक डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची बॉक्सकार चार औंसांची, म्हणजे 113 ग्रॅमची हवी. कमी भरली तर आत पाच सेंटची नाणी चिकटवा, एक नाणं बरोब्बर पाच ग्रॅमचं असतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो, विचारून घ्या.

गाडी एकाच जागी तुटते? कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, बदलत बसू नका, तिथला रूळ वरखाली आहे. गाडी कुठेही तुटते? मग कपलरची उंची मापा. कॅडी कंपनीचं उंचीमाप एकदा घेतलं की जन्मभर पुरतं. कपलरला तेल नको, ग्रॅफाइटची पूड.

सगळा लेआउट दोन वायरींवर चालवणं. पितळी रूळ काळे पडतात, निकेल-सिल्व्हरचे सांधेही सैल होतात, आणि लांबच्या टोकाला इंजिन रांगतं. खालून जाड मुख्य वायर घ्या आणि दर तीनेक फुटांवर तिच्यापासून रुळाला फीडर, म्हणजे जोडवायर, सोल्डर करा. मग डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण असेल तर ते चालू करून लेआउटवर ठिकठिकाणी रुळांवर आडवं नाणं टाका. रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ताबडतोब बंद पडला पाहिजे. नाणं गरम व्हायला लागलं आणि बूस्टर चालूच असेल तर वायर बारीक आहे, एक दिवस इंजिनातला डिकोडर, म्हणजे डीसीसीचे हुकूम ऐकणारी चिप, जळेल.

दोन इंजिनं एकदम पळायला लागली तर भूतबाधा नाही. नव्या डिकोडरचा पत्ता 3 असतो, तुम्ही तो बदललेला नाही. आणि प्रोग्रॅमिंगसाठी रुळाचा वेगळा, तोडलेला तुकडा ठेवा. सगळ्या लेआउटवर प्रोग्रॅमिंग मोड लावाल तर उभी असलेली सगळीच इंजिनं नवा पत्ता घेऊन मोकळी होतील.

दर चक्राला टक, टक आवाज येतोय? एक्सलवरचा प्लास्टिक गिअर तडकलाय. गोंद लावू नका, नवा गिअर काही डॉलरना मिळतो.

थंडीत रूळ घट्ट भिडवून टाकलेत आणि गॅरेज सॅक्रामेंटोला आहे? जुलैमध्ये ते साप झालेले दिसतील. मधूनमधून सांधा सोल्डर न करता पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा.

काळाची खिचडी. हा तुमचा लेआउट, तुमची मर्जी. पण छतावर फळीची वाट असलेल्या बॉक्सकार 1966 नंतर नव्या बनल्या नाहीत, बर्लिंग्टन नॉर्दर्नचा हिरवा रंग 1970 च्या विलीनीकरणानंतरचा, आणि बीएनएसएफ हे नाव 1995 पासूनचं. तिन्ही नव्याकोऱ्या चकचकीत एका गाडीत जोडून "अगदी खऱ्यासारखं" म्हणू नका. 4014 आता धावतंय, ही पळवाट एका गाडीपुरती आहे. मी नव्या माणसाला एवढंच सांगतो: एक कंपनी, एक गाव, एक दशक निवडा. खर्च निम्म्यावर येतो.

पुण्याच्या भाच्यासाठी इथला संच नेताय? छान. कोथरूडचं जोशींचं रेल्वे म्युझियम बघून आलेल्या पोराला दुसरी भेट नकोच असते. पण इथला पॉवर पॅक 120 व्होल्टचा आहे. तो तिथल्या 230 च्या सॉकेटमध्ये थेट घातला तर गाडीआधी धूर निघेल. तिथेच त्या व्होल्टेजचा, त्याच आउटपुटचा पॅक घ्या.

आणि स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या मॉडेल्सच्या बाजारात, जाताना खिशात नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी ठेवा. टेबलावरचं डीसी, म्हणजे डिकोडर नसलेलं साधं इंजिन उलटं करून दोन्ही बाजूंच्या चाकांना वायरी टेकवा. मोटर फिरते का, सगळी चाकं फिरतात का, आवाज कसा येतो, सगळं तिथेच कळतं. विकणारा "चालतं हो, घरी नेऊन बघा" म्हणत बॅटरी लावू देत नसेल तर पुढच्या टेबलाकडे चला.