संशोधन केंद्रांना कामगिरीनुसार निधी: गुण कसे द्यायचे, पैसे कसे वाटायचे

सिंदेवाहीचं कृषी संशोधन केंद्र धानाच्या पट्ट्यात आहे, यवतमाळचं कापूस-सोयाबीनच्या. दोन्ही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचीच, पण पाऊस, जमीन, पीक आणि मनुष्यबळ पार वेगळं. अशा केंद्रांमध्ये मूल्यमापनावर निधी वाटायची वेळ आली की बहुतेक समित्या निर्देशकांची यादी करायला बसतात. त्याआधी किती पैसे गुणांवर ठेवायचे हे ठरवा.

पगार, वीजबिल, मंजूर इमारती यांना हात लावू नका. मजुरी, खतं-औषधं, डिझेल, प्रवास, किरकोळ उपकरणं हा जो चालू खर्च असतो, त्यातले १५ ते २० टक्के बाजूला काढा. ५ टक्केच ठेवले तर फॉर्म कुणीतरी लिपिक भरून मोकळा होतो. ४० टक्के ठेवले तर शास्त्रज्ञ वावर सोडून फॉर्मच भरत बसतात, आणि एका वाईट वर्षात मजूर लावायलाही पैसे उरत नाहीत.

वाटपात केंद्राचा आकार धरायलाच हवा. समजा, तीन केंद्रांचा मिळून चालू खर्च १ कोटी आहे. पहिल्या केंद्राचा वाटा ५० लाख, बाकी दोघांचे २५-२५ लाख. २० टक्के म्हणजे २० लाख गुणांवर ठेवले, तर मूळ निधी ४०, २० आणि २० लाख उरतो. गुण अनुक्रमे ७०, ८० आणि ५० मिळाले. नुसत्या गुणांच्या प्रमाणात वाटलं तर दुसऱ्या केंद्राला ८ लाख आणि दुप्पट आकाराच्या पहिल्याला ७ लाख जातात, जे चूक आहे. म्हणून मूळ निधी गुणिले गुण करा: २८००, १६०० आणि १०००, बेरीज ५४००. त्या प्रमाणात १०.३७, ५.९३ आणि ३.७० लाख येतात. सगळ्यांना सारखे गुण असते तर १०, ५ आणि ५ लाख मिळाले असते. म्हणजे तिसऱ्याचं १.३० लाखांचं नुकसान झालं, त्याच्या २५ लाखांच्या ५.२ टक्के. एका वर्षात कुणाचाही निधी ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलणार नाही असा नियम आधीच लिहून ठेवा. मग त्याला ३.७५ लाख द्यायचे आणि वरचे पाच हजार बाकीच्या दोघांच्या हिश्श्यातून प्रमाणात वळते करायचे. गुण एका वर्षाचे घेऊ नका, तीन वर्षांची सरासरी घ्या. एका पावसावर केंद्राचं भविष्य ठरता कामा नये.

आता निर्देशक. पाच-सहा पुरेत. शोधनिबंधांना शंभरापैकी २५ च्या वर गुण देऊ नका. ऑस्ट्रेलियानं १९९० च्या दशकात निबंधांच्या संख्येवर विद्यापीठांना पैसे दिले. निबंध वाढले, पण ती वाढ मुख्यतः कमी दर्जाच्या नियतकालिकांत झाली. नॉर्वेनं थोडी सावध पद्धत घेतली: साध्या नियतकालिकातल्या लेखाला १ गुण, वरच्या पातळीच्या नियतकालिकातल्या लेखाला ३, आणि ते गुण लेखकांच्या संस्थांमध्ये विभागले जायचे. विभागणी आपल्याकडेही ठेवा; नाहीतर एकाच निबंधावर चार केंद्रं पूर्ण गुण घेतात. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक शास्त्रज्ञाकडून तीन वर्षांतले सर्वोत्तम दोनच निबंध मागवणं. मग लेखाचे तुकडे करून चार ठिकाणी छापण्यात काही अर्थ उरत नाही. नास गुण (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना देते तो) सोबत लिहा, पण तो नियतकालिकाचा गुण आहे, लेखाचा नाही. लेख वाचणारा माणूस लागतोच.

बियाण्याच्या निर्देशकात सगळ्यात मोठी गफलत होते. पैदासकार बियाणं (ज्यापासून पुढचं बियाणं वाढवतात ते मूळ बियाणं) क्विंटलमध्ये मोजलं की सोयाबीनवालं केंद्र नेहमी जिंकतं. सोयाबीनला हेक्टरी ७५ किलो बियाणं धरलं तर १०० क्विंटलमध्ये १३३ हेक्टर पेरतात. ज्वारीला हेक्टरी १० किलो धरलं तर तेवढ्याच बियाण्यात १,००० हेक्टर. म्हणून क्विंटल नको, पेरता येईल असं क्षेत्र मोजा, आणि त्यासोबत मागणीच्या किती टक्के पुरवठा वेळेत झाला ते. जूनच्या शेवटी पोचलेलं बियाणं कागदावर पुरवठा असतं, कास्तकाराच्या कामाचं नसतं.

आद्यरेषीय प्रात्यक्षिकांसाठी (शास्त्रज्ञ कास्तकाराच्या वावरात नवं तंत्र करून दाखवतात ती) एकरी उत्पादनाचा आकडा घेऊ नका. गडचिरोलीत बुलढाण्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. शेजारच्याच वावरातल्या नेहमीच्या पद्धतीच्या प्लॉटपेक्षा किती टक्के फरक पडला, तो आकडा घ्या. खर्च किती वाढला तेही विचारा. २० टक्के उत्पादन वाढवून ३० टक्के खर्च वाढवणारं तंत्र दुसऱ्या वर्षी कुणी वापरत नाही. दुसऱ्या वर्षी स्वतःच्या पैशानं तेच तंत्र किती जणांनी वापरलं, हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक निर्देशक आहे, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

दरडोई काम काढताना मंजूर पदांनी भागू नका, भरलेल्या पदांनी भागा, आणि पद किती महिने भरलेलं होतं तेही धरा. दहापैकी चार पदं रिक्त असलेल्या केंद्राला पूर्ण संख्येनं भागलं तर तिथल्या सहा जणांना शिक्षा होते.

काही काम निर्देशकात बसतच नाही. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं प्रचंड नुकसान केलं. कामगंध सापळ्यांच्या (मादीच्या वासानं नर पतंग पकडणाऱ्या) आठवड्यागणिक नोंदी घेणं, अळी दिसली की इशारा देणं, यातून निबंध निघत नाही. आणि इशारा लागू पडला तर दाखवायला नुकसानही उरत नाही. अशा कामाला 'झालं की नाही' एवढ्यावर ठरावीक गुण द्या: नोंदवही सलग आहे का, इशारा कोणत्या तारखेला गेला. फसलेल्या प्रयोगाचा नीट लिहिलेला अहवालही गुणाला पात्र धरा.

उपयोगाचा दावा करायला केंद्राला एक पान द्या. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन १९८६ पासून चालू आहे, आणि २०२१ च्या फेरीत २५ टक्के वजन समाजावरच्या परिणामाला होतं. आपल्या पानावर एक रकाना सक्तीचा ठेवा: मूळ वाण किंवा कल्पना कुणाची. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे कास्तकार दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धान निवडून काढलं. अकोल्याच्या विद्यापीठाचं पीकेव्ही एचएमटी हे वाण नंतरचं. हा रकाना नसला की कास्तकाराचं श्रेय केंद्राच्या गुणांत जमा होतं.

पडताळणीला दहा टक्के लाभार्थी चिठ्ठी टाकून निवडा. यादी केंद्राकडून घ्या, निवड तुम्ही करा. मागच्या तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की तेच ते दहा कास्तकार पुन्हा पुन्हा आलेले लगेच दिसतात. जायची वेळ पिकाप्रमाणे ठरवा: सोयाबीन सोंगणीआधी सप्टेंबरच्या अखेरीस, कपाशी पहिल्या-दुसऱ्या वेच्याला, धान कापणीच्या आधी, हरभरा जानेवारीत. मार्चमध्ये गेलेल्या समितीला मोकळं वावर आणि भरलेलं रजिस्टर दिसतं. समितीत दुसऱ्या विद्यापीठाचा विषयतज्ज्ञ, शेतकरी उत्पादक कंपनीचा एक प्रतिनिधी आणि हिशेब कळणारा एक माणूस असावा. ज्या केंद्राकडून ती कंपनी बियाणं घेते, त्याच्या चर्चेत तिचा प्रतिनिधी बसणार नाही.

गुण जानेवारीअखेर जाहीर करा, कच्च्या आकड्यांसकट. हरकतीला १५ दिवस द्या, आणि हरकत लेखी व पुराव्यासह घ्या. समितीचं उत्तरही लेखी. अंतिम यादी फेब्रुवारीत लागली तरच ती पुढच्या अर्थसंकल्पात बसते. पैसे दोन हप्त्यांत सोडा: ६० टक्के मेपर्यंत, मृगाआधी, आणि ४० टक्के सप्टेंबरमध्ये रब्बीसाठी. ऑगस्टमध्ये आलेल्या खरिपाच्या पैशातून मार्चअखेर खुर्च्या आणि प्रिंटर विकत घेतले जातात, आणि पुढच्या वर्षी त्या केंद्राचे गुण पेरणी न झाल्यामुळे उतरतात.