बेंडिगोत नव्यानं आलात? एप्रिलपासून शनिवार मोकळा ठेवा

नोकरी लागते, घर मिळतं, आणि सहा महिन्यांत आपल्या लोकांची तक्रार सुरू होते: "इथले लोक हसून बोलतात, पण जवळ येऊ देत नाहीत." हीच मंडळी दर शनिवारी व्हिक्टोरियातल्या या आपल्या गावातून दीडशे किलोमीटर गाडी हाकत मेलबर्नला कुणाच्या तरी डोहाळजेवणाला जातात. अहो, शनिवारी इथलं अर्धं गाव फुटीच्या मैदानावर असतं. तुम्ही त्यांना भेटणार कधी?

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, पण टीव्हीवरची एएफएल ही देशपातळीवरची लीग नव्हे. आपली ती बेंडिगो फुटबॉल नेटबॉल लीग. सँडहर्स्ट, साऊथ बेंडिगो, गोल्डन स्क्वेअर, ईगलहॉक, स्ट्रॅथफील्डसे हे इथलेच क्लब. कॅसलमेन, काइनटन, गिस्बर्न बाहेरचे. कॅसलमेनचा क्लब तर 1859 सालचा. घराजवळचा क्लब धरा आणि सोडू नका. कोण जिंकतंय ते बघून क्लब निवडणारे आपल्यातच जास्त, आणि संघ हरायला लागला की गायबही तेच होतात. लोकांच्या ते बरोबर लक्षात राहतं.

नियमांची धास्ती नको. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं मारलेला गोल 6 गुणांचा, बाजूच्या आखूड खांबांतून गेला तर 1. फळ्यावर 10-8-68 दिसलं की हिशेब तुम्हीच करा. बाकीचं शेजारचे आजोबा सांगतील, न विचारता.

बऱ्याच मैदानांवर गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या करतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. दचकू नका, तुम्हीही वाजवा. मुख्य सामना दुपारी असतो, पण चांगली जागा सकाळी अंडर-18 खेळत असतानाच भरते. काही जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात. पाटी नसली तरी विचारूनच गाडी लावा. मध्यंतरात पोरं चेंडू घेऊन मैदानात घुसतात, तुमचीही जाऊ द्यात. जुलैत इथे हिवाळा असतो, थर्मल घाला. कँटीनमधल्या मीट पायमध्ये बहुधा बीफ असतं. न खाणाऱ्यांना चिप्स आणि जॅम डोनट. तेल वेगळं आहे का, ते कडक शाकाहारी असाल तर विचारा.

नुसतं तिकीट काढून बघत बसलात तर वर्षानंतरही पाहुणेच राहाल. कँटीनची एक पाळी मागून घ्या. स्कोअर लिहिणं, वेळ धरणं, पाणी घेऊन पळणं, कशालाही माणसं कमीच पडतात. बायकोला किंवा मुलीला नेटबॉल (बास्केटबॉलसारखाच खेळ) खेळायचा असेल तर फारच उत्तम; नेटबॉल इथे फुटीच्या बरोबरीनं, त्याच दिवशी चालतो. गुरुवारी सरावानंतर क्लबात जेवण असतं, तिथेही जा. मीट ट्रेच्या रॅफलचं, म्हणजे मांसाचा ट्रे बक्षीस असलेल्या सोडतीचं तिकीट शाकाहारी असलात तरी घ्या. ट्रे लागला तर शेजाऱ्याला द्या, तो जन्मभर विसरणार नाही.

आता नीट ऐका. पोराला ऑसकिकला (लहान मुलांचे फुटीचे वर्ग) किंवा ज्युनियर संघात घालण्याआधी अँब्युलन्सची मेंबरशिप घ्या. आधी. व्हिक्टोरियात मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य योजना, अँब्युलन्सचे पैसे देत नाही. ओळखीतल्या एका घरी "मेडिकेअर आहे की" म्हणत हे टाळलं. मुलाचं कॉलरबोन मोडलं आणि घरी हजार डॉलरच्या वरचं बिल आलं. कुटुंबाची वर्षभराची मेंबरशिप त्याच्या छोट्या तुकड्यात येते. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तुमच्या विम्यात अँब्युलन्स आहे का, ते पॉलिसी उघडून वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. क्लबचा विमा असतो, पण तो सगळं देईल हा भ्रम आहे. डोक्याला मार लागून कन्कशन झालं तर किमान 21 दिवस सामना नाही. "बरा आहे हो तो" म्हणत प्रशिक्षकाच्या मागे लागणारे आपले पालक बघून मला लाज वाटते.

आणि फायनल्स नेमक्या गणपतीच्या सुमारास येतात. ग्रँड फायनल क्वीन एलिझाबेथ ओव्हलवर, गावाच्या अगदी मधोमध. मंडळाची आरती त्या शनिवारी संध्याकाळी 7 ला ठेवायला आत्ताच सांगून ठेवा.